बाळ येणार, आता त्या गाडीचं काय?

 धारा काढून, भाकरी थापून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या जणींना नमस्कार, आणि पदराला मोबाइल बांधून खुरपता खुरपता ऐकणाऱ्यांनाही.

आज बोलायचंय ते घरातल्या लाडक्या गाडीबद्दल. शहरातल्या पैसेवाल्यांकडे दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, वाऱ्यासारखी पळणारी मोटार असते. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. घरात बाळाची चाहूल लागली की त्यांच्याकडे चर्चा सुरू होते, ही मोटार ठेवायची की विकायची? आपल्या गावात अशी मोटार नाही, पण चर्चा तीच आहे. आपल्याकडे ती मोटारसायकलवरून होते. पुढं वाकून चालवायची, मागची सीट मोराच्या शेपटासारखी वर गेलेली, अशी गाडी. नाहीतर धडधडत येणारी बुलेट. पोरानं लग्नाआधी हौसेनं घेतलेली असते आणि हप्ते लग्नानंतरही चालूच असतात.

सुनेला दिवस गेले की या गाडीवरून घरात बोलाचाली होते. सासू म्हणते, "आता पुरे झाली थेरं, विकून टाक." पोरगा म्हणतो, "माझ्या कमाईची आहे, कुणी बोलायचं नाही." आणि जी रोज त्या गाडीवर मागं बसते, जिच्या पोटात बाळ आहे, तिला कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय नवरा-बायकोनं मिळून, वही-पेन घेऊन करावा. रागानं विकू नये आणि हट्टानं ठेवू नये. वहीत काय लिहायचं, ते सांगते.

पहिलं लिहा, या गाडीवर कोण कोण बसणार. मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमात दुचाकीवर चालवणारा आणि त्याच्यामागे एकच माणूस, असं सांगितलंय. लहान मुलाला त्यातून वगळलेलं नाही. म्हणजे नवरा, बायको आणि बाळ ही कायद्याच्या हिशेबानं तिघं झाली. त्याला १,००० रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसनही जाऊ शकतं. आता गावात रोज चौघं चौघं बसलेली दिसतात, हे मलाही माहीत आहे. पण रस्त्यातला खड्डा माणसं मोजत नाही.

बाळासाठी आणखी एक नियम आहे. तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. ९ महिन्यांपासून ४ वर्षांपर्यंतचं मूल दुचाकीवर न्यायचं असेल तर त्याला पट्ट्यांचं जाकीट घालायचं आणि ते पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांना अडकवायचे. मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. चार वर्षांवरच्या सगळ्यांना हेल्मेट आहेच. आता तुम्हीच सांगा, जी गाडी वेगासाठी घेतली, ती पोर बसल्यावर ४० च्या आत चालवायची म्हटल्यावर तिची हौस किती उरते?

सीटकडेही नीट बघा. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, मागच्या माणसाला धरायला दांडा आणि पाय ठेवायला जागा, हे नियमानंच बंधनकारक आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. पण गाडी रुबाबदार दिसावी म्हणून पोरं पहिल्याच महिन्यात ती जाळी काढून माळ्यावर टाकतात. मग बाई एका बाजूला पाय सोडून त्या उंच, निमुळत्या सीटवर बसते. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पिशवी आणि पदर चाकाशी. तिनं धरायचं कशाला?

गरोदरपणात गाडीवर बसावं की नाही, हे शेजारणीला विचारू नका. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा, कारण प्रत्येकीची तब्येत वेगळी असते. आणि बाळंतपणाच्या वेळेचा भरवसा मोटारसायकलवर ठेवू नका. पोरगा म्हणतो, "रात्री-अपरात्री गाडी दारात पाहिजे ना?" पाहिजे. पण कळा सुरू झालेल्या बाईला दोन चाकांवर न्यायचं नसतं. सरकारी दवाखान्यात जाण्यासाठी १०२ ची गाडी फुकट आहे, तातडीसाठी १०८ आहे. दोन्ही नंबर चुलीच्या वरच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. गावातल्या जीपवाल्याशीही आधीच बोलून ठेवा.

दुसरं लिहा, ही गाडी घरातलं कोण कोण चालवू शकतं. हा प्रश्न आपण कधी विचारतच नाही. साडेतीनशे सीसीच्या बुलेटचं वजन साधारण १९५ किलो भरतं. साधी स्कूटर १०५ ते ११० किलोची. बुलेट उभ्या जागी तिरकी झाली तर सावरायला धट्टाकट्टा गडीही घामाघूम होतो. म्हणजे घरात एवढी महागाची गाडी असते, पण धनी कामावर गेला की ती नुसती ओसरीत उभी. बाळाला ताप आला, औषध संपलं, तर घरातली बाई फाट्यापर्यंत पायी जाते.

लसीकरणाचंच बघा. जन्मतःचे डोस दवाखान्यात होतात. मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्याला पुन्हा. एवढ्या वेळा बाळाला घेऊन जायचंच आहे, आणि दर वेळी नवऱ्याची पाळी सुटलेली असेलच असं नाही. आता कुणी म्हणेल, मग बाईनं तान्हं बाळ घेऊन स्कूटर चालवायची का? अजिबात नाही. तान्ह्या बाळासाठी आशाताईंना विचारून गावातलं किंवा जवळचं सत्र धरा, एसटी आहे, वाटून घेतलेली रिक्षा आहे. पण बाळ आजीजवळ झोपलंय आणि आई पंधरा मिनिटांत जाऊन औषध घेऊन आली, हे हलक्या गाडीवर जमतं. एकट्यालाच चालवता येणारी गाडी तिथं कामाची नाही.

तिसरं लिहा पैशाचं. इथं मी एका जोडप्याचे आकडे सांगते. नावगाव सांगत नाही. सुनेला पाचवा महिना होता. नवरा एमआयडीसीत कामाला, जाऊन-येऊन ३० किलोमीटर. अडीचशे सीसीची गाडी, महिन्याला ५,८०० रुपये हप्ता आणि हप्त्यांचे आणखी अकरा महिने. दोघांनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. महिन्याचं पळणं साधारण ७८० किलोमीटर. त्यांची गाडी लिटरला ३० देत होती, स्कूटर ४५ देईल असं धरलं, पेट्रोल १०५ रुपयांनी धरलं. फरक निघाला महिन्याला सुमारे ९०० रुपये. विम्यातही फरक आहे. जून २०२२ पासूनच्या दरानं दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, दीडशे ते साडेतीनशे सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि पंच्याहत्तर ते दीडशे सीसीला ७१४ रुपये. साडेतीनशेच्या वर गेलं की २,८०४. कर वेगळा.

गाडीला गिऱ्हाईक आलं १,२५,००० रुपयांचं. कर्ज फेडायला ५८,००० लागणार होते. हातात राहणार ६७,०००. हे बघून तो पोरगा गप्प झाला. म्हणाला, "ताई, आयुष्यात कुणाला न मागता घेतलेली ही माझी पहिली वस्तू आहे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यावर ती म्हणाली, "मलाही ती आवडते. लग्नानंतर जेजुरीला आपण तिच्यावरच गेलो. पण मागं बसल्यावर मला फक्त तुमचं हेल्मेट दिसतं. बाळ मांडीवर असेल तेव्हा मी काय धरू, तेवढं सांगा."

त्यांनी गाडी विकली. ४०,००० ला जुनी पण धड स्कूटर घेतली, २७,००० दोघांच्या नावानं बँकेत टाकले. ५,८०० चा हप्ता थांबला. बाळंतपण उरकलं की ती स्कूटर शिकणार आणि लायसन काढणार, हेही त्याच पानावर लिहिलंय, त्याच्याच अक्षरात.

पण सगळ्यांनी विकावीच असं मी सांगत नाही. दुसऱ्या एका घरात जुनी बुलेट होती, मुलाच्या वारलेल्या वडिलांची. कर्ज नाही, हप्ता नाही. विकली तर फार पैसे येणार नव्हते, आणि आईचा जीव त्या गाडीत अडकलेला. रोज सकाळी दुधाचे कॅन त्याच गाडीवरून डेअरीला जातात. त्यांनी ती ठेवली. मात्र माळ्यावरची साडी गार्डची जाळी खाली आली, मागं धरायचा दांडा बसवला. आणि एक ठरलं, की बाळ घेऊन कुठं जायचं तर एसटी नाहीतर रिक्षा. त्यासाठी दुधाच्या पगारातून दर महिन्याला ५०० रुपये डब्यात बाजूला पडतात. हाही निर्णय बरोबरच आहे, कारण तो विचार करून झालाय.

आता आपल्या गटाची गोष्ट. कर्जवहीत "घरखर्च" किंवा "बाळंतपण" अशी नोंद होते आणि पैसा जातो गाडीच्या हप्त्याला. महिना दोन टक्क्यांनी २०,००० घेतले तर महिन्याला ४०० रुपये नुसतं व्याज, आणि ते भरायचं बाईनं. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आईच्या खात्यावर येतात. ते तिच्या खाण्यापिण्यासाठी आहेत. हप्ता थकला म्हणून कुणी त्यांच्यावर नजर ठेवली, तर स्पष्ट नाही म्हणा. एकटीला जड जात असेल तर गटानं तिच्या बाजूनं बोलावं.

विकायचं ठरलंच तर कागद पक्के करा. हा भाग नीट ऐका, कारण इथं घरं फसतात. गिऱ्हाइकानं पैसे दिले, किल्ली घेतली, "नाव नंतर करू" म्हणाला आणि गेला. तसं सोडू नका. जोवर आरसी बुकावर तुमचं नाव आहे तोवर कायद्यानं मालक तुम्हीच. एक गाडी अशीच अनेक हातांत फिरली, कागदावर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं आणि अपघात झाला. नुकसानभरपाई कागदावरच्या मालकानं द्यायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिला. गाडी ज्याच्या हातात होती तो बाजूलाच राहिला.

म्हणून आधी कर्ज फेडून बँकेचा ना हरकत दाखला घ्या. बोजा उतरवायला नमुना ३५ लागतो, नाव बदलायला नमुना २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकत घेणाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, फोन नंबर आणि तारीख-वेळ लिहिलेली सहीची पावती जवळ ठेवा. विमाही १४ दिवसांत त्याच्या नावावर व्हायला हवा. तुमच्या विम्यात "नो क्लेम बोनस" साठला असेल तर विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. ती सवलत गाडीची नसते, मालकाची असते. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तिथं वापरता येते.

आणि हे सगळं पाचव्या-सहाव्या महिन्यात करा. नवव्या महिन्यात किंवा दवाखान्याचं बिल हातात असताना गाडी विकायला काढली, तर गिऱ्हाइकाला तुमची नड दिसते आणि तो भाव पाडतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत ज्या घरात पाळणा हलणार आहे, तिथल्या सुनेला एवढंच विचारा, "गाडीचं दोघांनी बसून काही ठरवलंय का?" ती नाही म्हणाली तर तिला वहीचं एक कोरं पान द्या आणि हिशेब मांडायला मदत करा. जमलं तर पोराला आणि सासूबाईंनाही त्या बैठकीत बोलवा. आपण पोराची हौस मोडायला बसलेलो नाही, हे त्याला आधी सांगा. म्हणजे तोही मोकळेपणानं आकडे सांगेल.