चिलटांच्या आधी पोहोचलेल्या पाहुण्यांचं स्वागत

शीर्षक हरसूलच्या स्वागत समितीनं हौसेनं दिलं, पण खरं सांगायचं तर चिलटंच आधी आली. मंडपामागे टांगलेल्या केळ्यांच्या घडाभोवती सकाळपासून त्यांचा थवा आहे. त्यांना पत्रिका कुणी धाडली नव्हती.

इथल्या शेतकऱ्याला ‘फळमाशी’ म्हटलं की किडका आंबा आठवतो, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळाही. मिथाइल युजेनॉलच्या वासानं नर माशा त्यात शिरतात आणि अडकतात. या परिषदेचा विषय असलेली ड्रोसोफिला माशी वेगळ्या कुळातली. आपल्या बोलीत ती चिलटच.

तिच्या नाकाची उकल करण्याचं मोठं काम मुंबईत, कुलाब्याला झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. केनियात जन्मलेल्या, गोवेकर घरातल्या वेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनहून तिथं पीएचडीला आल्या. साधन काय, तर दोन फाटे फुटलेली काचेची नळी! एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. किती माशा कुठं वळल्या, ते मोजायचं. १९७८ मध्ये दोघांनी एक्स गुणसूत्रावरचे बिघाड मांडले. काही माशांना कडू बदामाच्या वासाचं बेन्झाल्डिहाइड कळेना, पण फळांच्या वासाचे एसिटेट कळत होते. काहींचं नेमकं उलट. नाक सबंध बंद नव्हतं, एखादाच कप्पा बंद होता.

वास टिपणारी ग्राहकं घडवणारी माशीची जनुकं १९९९ मध्ये हाती लागली. ती साठेक आहेत.

त्यातल्या एकाची गोष्ट हरसूलकरांना सांगायलाच हवी. पहिल्या पावसाच्या मातीचा वास, ज्यासाठी इथला माणूस ओट्यावर येऊन उभा राहतो, त्यात जिओस्मिन असतं. घातक बुरशी आणि जिवाणूही ते सोडतात, म्हणून चिलट त्यापासून पळतं. २०१२ मध्ये संशोधकांना दिसलं, की त्यासाठी त्याच्या मिशीवर एकच ग्राहक राखून ठेवलेलं आहे.

दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी आहे. केळी शेवटी वाढली जातील; तोवर घडावर ओलं फडकं टाकलेलं आहे, ते कुणी काढू नये.