वाळवंटाचा यजमान कोण?



सिनाई द्वीपकल्पाचे नाव आपल्याकडे ऐकू आले ते मुख्यतः युद्धांच्या बातम्यांतून. १९६७ साली इस्राएलने हा प्रदेश जिंकला आणि १९७९ च्या शांतता करारानुसार १९८२ पर्यंत तो इजिप्तला परत केला. सैन्ये आली आणि गेली. उंट व शेळ्यामेंढ्या घेऊन पावसाच्या मागावर फिरणाऱ्या बेदुइन जमाती मात्र तेथेच राहिल्या. त्यांचा खरा पराभव युद्धाने नव्हे, तर त्यानंतर आलेल्या पर्यटनाने केला.

तांबड्या समुद्राच्या काठी शर्म-अल-शेखसारख्या ठिकाणी हॉटेलांच्या रांगा उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या किनाऱ्यावर बेदुइनांचा वावर होता, त्याचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. रूढीने मानलेली मालकी सरकारदरबारी मालकी ठरली नाही. हॉटेलांतील नोकऱ्या बहुतांशी नाईलच्या खोऱ्यातून आलेल्यांना मिळाल्या. बेदुइनांच्या वाट्याला उरले उंटावरून फेरी मारून आणणे आणि छायाचित्रासाठी उभे राहणे. २००४ ते २००६ या काळात ताबा, शर्म आणि दाहाब येथे बॉम्बस्फोट झाले, तेव्हा संशयाचे बोटही प्रथम त्यांच्याकडेच वळले. ज्याच्या दारी पाहुणा आला, तो यजमानच आपल्या अंगणात परका झाला.

वास्तविक या भूमीचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाला आहे? सहाव्या शतकातील सेंट कॅथरीन मठाच्या परिसरात जबालिया जमात राहते. उंच डोंगरांच्या घळींत दगडी कुंपणे घालून, विहिरी खणून तिने बदाम, जर्दाळू, डाळिंब आणि द्राक्षे यांच्या बागा राखल्या. चराऊ रान काही काळ बंद ठेवून गवताला उसंत देण्याची रीत अरबी वाळवंटात फार जुनी आहे. याच डोंगरांत जगातील अत्यंत लहान फुलपाखरांपैकी एक निळे फुलपाखरू आढळते. ते सिनाईतील एका रानटी ओव्याच्या झुडपावरच जगते. माणूस, झुडूप आणि फुलपाखरू यांचे जगणे असे एकाच मूठभर पाण्यात गुंतलेले आहे.

यातूनच एक निराळा प्रयोग जन्मला. २०१५ साली तराबीन, मुझैना आणि जबालिया या तीन जमातींनी मिळून सुमारे २२० किलोमीटरची पायवाट आखली. २०१८ पर्यंत ती आठ जमातींची आणि सुमारे ५५० किलोमीटरची झाली. एका जमातीची हद्द संपली की तिचा वाटाड्या पाहुण्याला पुढच्या जमातीच्या हवाली करी. मजुरी वाटून घेतली जाई आणि जुन्या वाटांची नावे तरुणांच्या तोंडी पुन्हा रुळू लागली. २०१९ साली हमादा जमातीच्या स्त्रियांनी स्त्री-प्रवाशांची वाटाडी होऊन आणखी एक बंधन सैल केले. येथे पैसा महत्त्वाचा होताच. पण त्याहून महत्त्वाचे होते ते हे, की कोठे जायचे आणि कोठे जायचे नाही, हे ठरवणारा बेदुइन होता.

याच्या नेमके उलट चित्र सेंट कॅथरीनमध्ये दिसते. २०२१ मध्ये सरकारने तेथे हॉटेले, निवासी बंगले आणि पर्यटक-केंद्र यांची प्रचंड योजना हाती घेतली. हा परिसर २००२ पासून जागतिक वारसा आहे. २०२३ साली युनेस्कोच्या वारसा समितीने पुढील बांधकाम थांबवून परिणाम तपासण्यास सांगितले. विकास हवा, रोजगार हवा, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. परंतु ज्यांच्या नावाने विकास होतो, त्यांची संमती कोठे आहे?

पर्यटनावरच विसंबणे घातक असते, हेही विसरता कामा नये. २०१५ साली सिनाईवर रशियन प्रवासी विमान पाडले गेले, २२४ माणसे मेली आणि पर्यटकांचा ओघ आटला. अशा वेळी माणसाला तारते ती बाग आणि शेळी. म्हणून जबाबदार पर्यटन हे त्या जगण्याला जोड असावे, त्याची जागा घेणारे नसावे.

मुंबई-पुण्याहून इजिप्तला जाणाऱ्या प्रवाशाने सहल-कंपनीला चार प्रश्न अवश्य विचारावेत: वाटाड्या कोणत्या जमातीचा? त्याची मजुरी किती? पाणी कोणाच्या विहिरीचे? कचरा कोण परत नेणार? भटक्यांवर दया करण्याची गरज नाही. त्यांचे यजमानपण त्यांना परत मिळावे, एवढीच न्यायाची मागणी आहे.