गाडीचं मीटर काय सांगतं?



पापड, मसाले, भाजी बाजाराला न्यायला आता काही गट जुनी व्हॅन किंवा छोटा टेम्पो घेतात. पैसा गटाच्या बचतीचा, नाहीतर कर्जाचा. म्हणून आज गाडीच्या मीटरविषयी बोलू या. मीटर म्हणजे स्टिअरिंगमागे वेग, डिझेल, किलोमीटर आणि लाल-पिवळे दिवे दाखवतं ते.

गाडी बघायला गेलात की इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवा. ऑइलचा, बॅटरीचा, इंजिनाचा दिवा लागला पाहिजे. मग गाडी चालू करा. हे दिवे थोड्याच वेळात विझले पाहिजेत. एखादा दिवा मुळात लागतच नसेल, तर गाडी चांगली आहे असं समजू नका. तो दिवा गेलेला असेल, किंवा बिघाड लपवायला कुणी काढलेला असेल. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची. तशीच दामटली तर इंजिन बसतं, आणि तो खर्च गटाला झेपत नाही.

मीटर बंद असलेली गाडी किती धावली, ते मीटरवरून कळत नाही. सर्व्हिसची जुनी बिलं मागा, आणि भाव ठरवताना हे बोलून दाखवा.

कुणी म्हणालं, "मीटर गेलंय, बदला," तर आधी विचारा, एकच काटा बंद आहे की सगळं मीटर? फक्त डिझेलचा काटा बंद असेल, तर दोष बहुतेक टाकीतल्या फ्लोटचा असतो. फक्त वेगाचा काटा बंद असेल, तर जुन्या गाडीत केबल आणि नव्या गाडीत सेन्सर बघायचा. सगळंच बंद असेल, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की मीटर लुकलुकत असेल, तर वायरमनला आधी फ्यूज, मग बॅटरीची टोकं, अर्थिंग आणि मीटरमागचा कपलर तपासायला सांगा. फ्यूज स्वस्तात मिळतो, पण तो तेवढ्याच अँपिअरचा हवा. त्याच्या जागी तार घालू देऊ नका, वायरिंग पेट घेऊ शकतं.

एवढं बघूनही मीटरच खराब निघालं, तर त्याच मॉडेलचं घ्या. भंगारातलं मीटर दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर दाखवतं. म्हणून आपल्या जुन्या मीटरचा फोटो काढा आणि आकडा बिलावर लिहून घ्या. आकडा दिसतच नसेल, तर शेवटच्या सर्व्हिसच्या बिलावरचा घ्या. काही गाड्यांत चावीची ओळख मीटरमध्ये असते. तिथे स्कॅनर लावून नवं मीटर जुळवल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. हे काम मजुरीत धरलंय का, ते आधीच विचारा.

आकडा आणि बिल गटाच्या इतिवृत्तात नोंदवा. उद्या गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला ही नोंद दाखवा. कदाचित तोही एखादा गटच असेल, आपल्यासारखाच पै-पै साठवून आलेला.