अंगठा आणि अधिकार



आपल्या आजोबा-पणजोबांना अंगठ्याची मोठी धास्ती असे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला, की जमीन गेलीच म्हणून समजावे! आज तोच अंगठा आपण रेशनच्या दुकानात यंत्रावर टेकवतो. तेव्हा त्याचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे आणि चेहऱ्याचे छायाचित्र, अशी ही ओळख. हेतू चांगलाच. एकाच्या नावचे धान्य दुसऱ्याने उचलू नये, हे कोणाला नको आहे?

पण मंडळी, कुलूप चोरासाठी असते. ते घरधन्यालाच उघडेना तर? खुरपे-कोयता धरण्यात जन्म गेला त्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र म्हणते, ‘हा तो नव्हे!’ शिवाय किल्ली हरवली तर नवी करता येते. बोट कसे बदलणार?

म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पारडी तोलली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले, की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि हात गरजेपुरताच हवा. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक मताने आधारचा कायदा टिकला. पण बँक खाते व मोबाइल यांना आधार जोडण्याची सक्ती गेली. शाळाप्रवेशासाठी सक्ती नको आणि ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या हक्कदाराला वंचित ठेवू नये, हेही त्या निकालात आले.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करावे? ठसा उमटला नाही तर मुकाट्याने परतू नका. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवा म्हणावे. नकारच मिळाला तर तो लेखी मागावा. आपले ठसे ऑनलाइन कुलूपबंद ठेवण्याची सोय आहे, ती वापरावी. आणि गुरुजी, बाई, आधारवाचून एकही मूल दाराबाहेर राहू देऊ नका.

राज्य सुरक्षित हवेच. पण ते ज्याच्यासाठी, त्या माणसाची पत यंत्राच्या काचेपेक्षा मोठी आहे. अंगठा द्यावा, पण कशासाठी देतो ते विचारून द्यावा.