रेंजफाइंडरला वाइड लेन्स घ्यायचीय? आधी खोली मोजा

आजचा भाग जरा नादिष्ट लोकांसाठी आहे, पण ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनीही थांबा. शेवटी तुमच्याच हातातल्या मोबाइलवर एक काम देणार आहे.

जळगाव-धुळ्याकडच्या पोरांचा एक प्रश्न सारखा येतो. "जुना रेंजफाइंडर कॅमेरा घेतलाय. आता वाइड लेन्स घ्यायचीय. एफ १.४ चीच घेऊ ना?" बहुतेकांना माझं उत्तर आहे, नको. एफ २ ची घ्या, २८ नाहीतर ३५ मिलिमीटर. का, ते सांगायला मात्र वेळ लागेल, कारण गोष्ट लेन्सपेक्षा आपल्या घरांची जास्त आहे.

ज्यांनी हा कॅमेरा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही. वरच्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघता. मधोमध एक उजळ चौकोन, त्यात माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवायची, दोनाचा एक झाला की फोकस झाला. फोटोत किती येणार ते त्याच खिडकीत आखलेल्या रेषांवरून ओळखायचं. आत आरसा नाही, त्यामुळे खाडकन आवाज नाही, आणि वाइड लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसू शकते. म्हणून ती छोटी करता येते. १९५४ साली लायकाचा एम३ आला, आणि तेव्हाचा एम माउंट आजही चालू आहे. सत्तर वर्षांपूर्वीची बॉडी आणि गेल्या वर्षीची लेन्स एकमेकांवर बसतात. हे वेड लागायचं अर्धं कारण तेच.

आता 'फास्ट' म्हणजे काय? अ‍ॅपर्चर जास्त उघडतं ती लेन्स. आकडा लहान, उजेड जास्त. एफ २ पेक्षा एफ १.४ मध्ये दुप्पट उजेड येतो, म्हणजे एक स्टॉप. आणि एवढ्या एका स्टॉपसाठी लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात.

तर हा स्टॉप आपल्याकडे लागतो कुठे? माझ्या डोळ्यांसमोर पहिली येते कानबाईची रात्र.

खान्देशाबाहेरच्यांसाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, चौरंगाला केळीचे खांब. रोटांचा नैवेद्य, आणि तो भाऊबंदांतच खायचा. पुण्या-सुरतेला गेलेलं सगळं कुटुंब त्या दिवशी एका घरात गोळा होतं. रात्रभर अहिराणी गाणी, फुगड्या, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आता विचार करा, ही गाणी पूर्ण येणाऱ्या बाया तुमच्या घरात किती उरल्यात? माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत एक किंवा दोन. बाकीच्या ओळ सुरू झाली की मागून धरतात. त्या एकीचा गातानाचा चेहरा, टाळी देणारा हात आणि मागची देवी, हे एका फोटोत हवंय. आणि फ्लॅश मारलात की संपलं. ती गाणं थांबवून विचारणार, "फोटू काढी ऱ्हायना का रे भाऊ?" आणि पदर नीट करून ताठ बसणार.

आता खोली मोजा. दहा बाय बारा फूट, म्हणजे तीन मीटर बाय साडेतीन-पावणेचार. चौरंगाने एक बाजू खाल्ली, बायकांनी मधली जागा घेतली. तुम्ही दाराला पाठ लावून उभे, समोरचा चेहरा दोन मीटरवर. दोन मीटरवर ५० ची लेन्स आडव्या फोटोत साधारण १.४ मीटर रुंदी घेते. ३५ ची दोन मीटर, २८ ची अडीच, २१ ची जवळजवळ साडेतीन. ५० मध्ये बाई येते, देवी सुटते. ३५ मध्ये बाई, शेजारीण आणि देवीचा काही भाग. २८ मध्ये तिघी येतात. २१ मध्ये सगळंच येतं; कपाट, स्विचबोर्ड, खुर्चीवरची पोतडी, आणि कडेला बसलेल्या मावशीचं डोकं भोपळ्यासारखं ताणलेलं. फोटो ती मावशीही बघणार आहे, हे लक्षात असू द्या.

आता उजेड. एका ट्यूबलाइटच्या खोलीत ४०० आयएसओची फिल्म असेल तर एफ २ ला शटर साधारण १/३० सेकंद येतं. एफ १.४ ला १/६०, एफ २.८ ला १/१५. वाइड लेन्सला १/३० हातात धरता येतं, श्वास रोखून. चेहरा ठीक येतो, टाळी देणारा हात थोडा हलतो. मला तो हललेला हात आवडतो, तुम्हाला नसेल आवडत. १/१५ ला मात्र चेहराही जातो. म्हणून एफ २.८ या खोलीसाठी अपुरी, एफ २ पुरते. आणि फिल्म १६०० ला ढकलून धुतली, किंवा कॅमेरा डिजिटल असला, तर एफ २ लाच १/१२५ मिळतं. मग तो महागडा स्टॉप कशाला?

"पण मागचं धूसर करायला लागतो ना!" हे उत्तर मला हमखास येतं. दोन मीटरवर फोकस धरला तर ३५ एफ १.४ ला साधारण २८ सेंटीमीटर खोली फोकसमध्ये येते. एफ २ ला ४०. २८ मिलिमीटर एफ २ ला साठ-बासष्ट. गाणारी बाई डोलते, एवढी-तेवढी पुढेमागे होते. २८ सेंटीमीटरमध्ये ती राहील की नाही हा जुगार आहे, साठमध्ये ती राहते. आणि मागची कानबाई धूसर करून तुम्हाला मिळवायचंय काय? ती रात्र तिचीच आहे.

आता याची उलटी बाजू. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण जगभरचे लोक उतरतात जळगाव स्टेशनवर. लेण्यांत फ्लॅशला बंदी, आणि आत अंधार. लोकांना वाटतं, फास्ट लेन्सची खरी जागा हीच. पण भिंत हलत नाही हो! बिनॉय बहल यांनी १९९१ साली इथली चित्रं टिपली ती भिंतीवर झगझगीत दिवे न मारता, असलेल्या मंद उजेडात, लांबलचक एक्स्पोजर देऊन. पद्मपाणी जागचा हलणार नसतो, शटर कितीही वेळ उघडं ठेवा. आपल्याला ट्रायपॉड न्यायची परवानगी नसते एवढीच अडचण, म्हणून तिथे एफ २ हाताशी बरी. पण फास्ट लेन्स मुळात हलणाऱ्या, जिवंत गोष्टींसाठी असते.

अजिंठ्याचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट घेतो. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षं या चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. गिल यांनी पुढे कॅमेराही हाती घेतला होता. त्यांच्या फोटोंचं लेण्यांवरचं पुस्तक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ ला निघालं. हा माणूस १८७९ साली वारला, आणि त्याची कबर आपल्या भुसावळलाच आहे. भुसावळला गाडी बदलणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

बरं, परत लेन्सकडे. रेंजफाइंडरच्या स्वतःच्या दोन अडचणी आहेत, त्या यूट्यूबवरच्या परीक्षणांत एका वाक्यात उरकतात.

पहिली, खिडकी. नेहमीच्या ०.७२ वाल्या लायकात ३५ च्या रेषा आरामात दिसतात. २८ च्या रेषा अगदी कडेला. चष्मा असेल तर डोळा फिरवून शोधाव्या लागतात. २१ साठी बॉडीवर रेषाच नाहीत. वर वेगळा व्ह्यूफाइंडर लावायचा. फोकस एका खिडकीत, चौकट दुसऱ्या खिडकीत. दिवसा डोंगरावर, लळिंगच्या किल्ल्यावर हे जमतं. रात्री बायकांच्या गर्दीत तोवर गाणं पुढे गेलेलं असतं. म्हणून चष्मेवाल्यांनो, तुमच्यासाठी ३५.

दुसरी, आकार. फास्ट लेन्स जाड असते, त्यावर हूड लावला की तो खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात येऊन बसतो. कानबाईच्या पायाशी रोट मांडलेत, आणि तुम्हाला दिसतोय हूड. हे एफ १.४ ला जास्त, एफ २ ला कमी.

शिवाय बऱ्याच वाइड एफ १.४ पूर्ण उघड्यावर कोपऱ्यात इतक्या काळवंडतात की तिथे तुम्हाला तो विकत घेतलेला स्टॉप मिळतच नाही. मंडपातल्या सिरीजचे दिवे कडेला पाखरांच्या पंखांसारखे पसरतात. काही जणांना ते आवडतं. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मग नेमकं काय घ्यायचं? लायकाची समिलक्स ३५ उत्तम आहे, पण नव्या एकीच्या किमतीत दोन-तीन मोटारसायकली येतात, तेव्हा तो विषय इथेच सोडू. जपानच्या कोसिना कंपनीच्या व्होइग्टलँडर लेन्स आपल्या आवाक्याच्या जरा वर, पण स्वप्नात येण्याइतक्या जवळ. त्यात अल्ट्रॉन २८ एफ २ आणि अल्ट्रॉन ३५ एफ २ माझ्या पसंतीच्या. नॉक्टन ३५ एफ १.४ छोटी आणि गोड आहे, पण अ‍ॅपर्चर थोडं बंद केलं की तिचा फोकस सरकतो आणि सरळ चौकटी वाकतात. हे माहीत असून घेणार असाल तर घ्या. झाइसची बायोगॉन ३५ एफ २ स्वच्छ, जराशी लांब. चिनी सेव्हन आर्टिझन्स आणि टीटी आर्टिझन एफ १.४ सुद्धा स्वस्तात देतात. मात्र रेंजफाइंडरशी जुळणी कधीकधी आपल्यालाच करावी लागते. काहींच्या डब्यात त्यासाठी छोटा पेचकसही येतो. रशियन ज्युपिटर-१२ ही ३५ एफ २.८, आणि तिची मागची काच इतकी आत जाते की काही बॉडींना आतून लागू शकते. बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि ज्यांचं बजेट याच्या अलीकडेच थांबतं, त्यांनी याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅनोनेट क्यूएल१७ शोधा. लेन्स बदलत नाही. याशिकाची ४५ एफ १.७, कॅनोनेटची ४० एफ १.७. वाइड म्हणता येणार नाही, पण खोलीत एक पाऊल मागे सरकायला जागा असेल तर काम होतं.

सेकंडहँड घेताना मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात जा, पण लेन्स हातात घेऊनच व्यवहार करा. मोबाइलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, दुधाळ दिसलं तर धुकं. पाकळ्यांवर तेल बघा. मग दाराबाहेर येऊन दूरच्या टॉवरवर फोकस अनंतावर न्या. खिडकीतले दोन टॉवर एक झाले पाहिजेत. झाले नाहीत तर बॉडी किंवा लेन्स, कुणीतरी चुकतंय. आणि घरी आणल्यावर मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत आतलं ग्रीस पातळ होऊन पाकळ्यांवर उतरतं.

आता मोबाइलवाल्यांचं काम. तुमच्या फोनचा मुख्य कॅमेरा म्हणजे साधारण २४ ते २६ मिलिमीटरची फास्ट वाइड लेन्सच आहे. २४ चा असेल तर १.२ झूम म्हणजे जवळपास २८, आणि १.५ झूम म्हणजे ३५. यंदा कानबाईला फोटो तीन-दोन प्रमाणात ठेवून अर्धी रात्र १.२ वर आणि अर्धी १.५ वर काढा, नाइट मोड बंद करून. नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचतो, त्यात टाळीचे हात विरघळतात आणि आजीच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात. सकाळी प्रत्येक फोटोचे डिटेल्स उघडा, शटर आणि आयएसओ वहीत लिहा. कुठल्या झूमवर तुम्ही कमी वेळा मागे सरकलात तेही लिहा. बहुतेक फोटो एकाच आकड्यावरचे आवडले, तर लेन्स ठरली. आणि मोबाइलचेच फोटो पुरेसे वाटले, तर पैसे वाचले. त्यातले चार छापून त्या गाणाऱ्या आजीला नेऊन द्या.

वहीतले आकडे मला पाठवा. पुढच्या भागात आपण त्यावरच बोलू.