आंब्यावरचे सगळेच बांडगूळ नव्हे



आंब्याची काढणी आटोपली की आपण कोयता घेऊन झाडे साफ करतो. फांदीवर परके हिरवे दिसले की छाटायचे, हा रिवाज. पण आधी नीट बघा.

बांडगूळ हा खरा चोर. ते सालीत मूळ घुसवून झाडाचे पाणी व अन्नद्रव्ये ओढते. जोडाशी फांदी गाठीसारखी फुगते, पुढचा शेंडा वाळत जातो. नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते. म्हणून गाठीपासून खोडाच्या बाजूला वीतभर अंतर सोडून फांदीच कापा, कापावर बोर्डो पेस्ट लावा. फळे धरण्यापूर्वी हे करा, कारण चिकट बी पाखरे दुसऱ्या झाडावर नेतात.

सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, मात्र निराळी. पाने जाड, पन्हाळीसारखी. मुळे पांढुरकी, सालीवर पसरलेली. मे-जूनमध्ये गुलाबी ठिपक्यांचा फुलोरा वेणीसारखा लोंबतो. ती झाडाचा नुसता आधार घेते. मुळे पावसाचे पाणी व दव शोषतात. तिला राहू द्या.

वाऱ्याने फांदी मोडून ती खाली आली, तर पावसाळ्यात खडबडीत सालीच्या झाडावर, विरळ सावलीत, सुंभाने बांधा. माती-शेण घालू नका, मुळे कुजतात. नवी मुळे सालीला चिकटली की सुंभ सोडा. रानातून मात्र उपटून आणू नका. ती फार सावकाश वाढते.

तेव्हा आधी मुळे बघा, मग कोयता चालवा.