मोडलेला हात आणि सांधलेले घर



आपल्या धर्मग्रामातील एका घरी मी गेलो असता सहा वर्षांचा मुलगा उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन ओसरीवर बसला होता. पेरूच्या झाडावरून तो पडला होता. "लक्ष कोणाचे नव्हते?" एवढ्या प्रश्नावरून घरात सासूसुनांचा अबोला धरला गेला होता.

लहान मुलाचे हाड ओल्या फांदीसारखे असते. पुष्कळदा ते पुरते न तुटता एका बाजूने चिरते. डॉक्टर ते सरळ बसवितो व हलू देत नाही. सांधण्याची शक्ती मात्र परमेश्वराने हाडातच ठेविली आहे. त्यास कित्येक आठवडे लागतात. त्या अवधीत बोटे निळी वा थंड पडल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. खाज सुटली म्हणून आत काडी घालू नये.

घराचेही असेच आहे. दोषी कोण हे वारंवार उकरणे म्हणजे मोडलेला हात पुनःपुन्हा हलविणे होय.

सायंकाळी रोझरीच्या वेळी मुलाने विचारले, "फादर, डाव्या हाताने क्रूसाची खूण केली तर पाप लागेल का?" मी उत्तर देण्यापूर्वीच आजीने पुढे होऊन त्याच्या कपाळावर खूण केली आणि सुनेस म्हणाली, "आज रात्री ह्याच्याजवळ मी बसते, तू नीज." कित्येक दिवसांत तिने सुनेशी काढलेला तो पहिला शब्द होता.

ज्युबिलीनिमित्त आपण मंदिराची डागडुजी केली. आता आपापल्या घरातील अबोलेही संपवू या. आमेन.